मंगळावरचे हजार किलोमीटरचे चर कशाने पडले?

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलमधून विज्ञानाच्या सरांनी विचारलं आहे: नववीच्या मुलांना मंगळाची उपग्रहचित्रं दाखवली. त्यांत शेकडो किलोमीटर लांब, सरळ, एकमेकांना समांतर जाणारे चर दिसले. गोकाकची सहल नुकतीच झाली होती, त्यामुळे मुलं म्हणाली की घटप्रभेने घळ पाडली तसे तिथल्या जुन्या नद्यांनी हे चर पाडले असणार. हे बरोबर आहे का? इतके सरळ कसे? आणि आज तिथे काही हलतं का?

सर, बहुतेक चरांपुरतं उत्तर असं: पाण्याने ते खोदलेले नाहीत. मंगळाचं कवच ताणलं गेलं, त्यात समांतर भेगा पडल्या आणि दोन भेगांमधला पट्टा खाली बसला. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात जिला खचदरी म्हणतात, तोच हा प्रकार, फक्त अरुंद आणि अतिशय लांब. मुलांचा निष्कर्ष बरोबर नसला तरी त्यांची रीत मला फार आवडली. डोळ्यांनी पाहिलेल्या जमिनीवरून न पाहिलेल्या जमिनीचा अंदाज बांधायचा, आमचं शास्त्र यावरच उभं आहे. चिकोडी, हुक्केरी, निपाणी भागात बोअरचा पॉइंट देताना आम्ही भूजलवाले तेच करतो. काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून फिरतं, म्हणून आधी उपग्रहचित्रावर सरळ रेषा शोधायच्या आणि मग ठरवायचं की ही रेष जमिनीतली भेग आहे, नाला आहे की जुनी बैलगाडीची वाट. मंगळाच्या चित्रासमोर बसल्यावर कामाची पद्धत तीच राहते.

म्हणून गोकाकपासूनच सुरुवात करू. घटप्रभा तिथे सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते. तो कठीण वालुकाश्म कलादगी खडकांच्या गटातला, म्हणजे आपल्या पश्चिमेकडच्या काळ्या पाषाणापेक्षा कितीतरी जुना. खालची घळ नदीने कापली, यात शंका नाही. पण नदीने कापलेल्या दरीच्या काही सवयी असतात. ती वळते. तिला बाजूने ओढे येऊन मिळतात, त्यामुळे नकाशावर तिचा आकार फांद्या फुटलेल्या झाडासारखा दिसतो. आणि तिचा तळ एकाच दिशेने उतरत जातो, कारण पाणी चढ चढत नाही. सौंदत्तीजवळ मलप्रभा नविलुतीर्थाच्या खिंडीतून डोंगर भेदून जाते. ती खिंड अरुंद आणि बरीच सरळ आहे. तेवढाच तुकडा पाहिला तर कोणीही फसेल. पण कणकुंबीपासून त्या खिंडीपर्यंत आणि तिथून पुढे नदीची रेष बोटाने गिरवली की तिची वळणं आणि तिला मिळणारे ओढे लगेच सांगतात की हे काम पाण्याचं आहे. मुलांना खिंड एकटी दाखवू नका, वरची-खालची नदीही दाखवा.

आता मंगळावरचा सिरेनम फोसी हा चरांचा समूह घ्या. त्याची लांबी अडीच हजार किलोमीटरहून अधिक आहे. यातला एखादा चर निवडा आणि त्याच्यासोबत चालत जा. वाटेत टेकडी आली तर तो वळसा घालत नाही, टेकडी चिरून पुढे जातो. उल्कापाताने पडलेलं विवर आलं तर त्याच्या काठावरून चढून तळातून पलीकडे निघतो. उंचीची आकडेवारी पाहिली तर चराचा तळसुद्धा भोवतालच्या जमिनीबरोबर वर जातो आणि पुन्हा खाली येतो. असा मार्ग कुठलीच नदी घेऊ शकत नाही. रुंदीही लांबवर जवळजवळ सारखी राहते. नदीची दरी मात्र पुढे जाताना साधारणपणे रुंदावते, कारण पाणी वाढत जातं.

मला सर्वांत बोलका वाटतो तो चराचा शेवट. नदीचा शेवट दुसऱ्या नदीत, सरोवरात किंवा गाळाच्या पंख्यात होतो. खचलेल्या चराचा शेवट म्हणजे तो हळूहळू उथळ होत विरून जातो. मध्यभागी सर्वांत खोल, दोन्ही टोकांकडे उथळ. आणि तो विरतो न विरतो तोच थोडा बाजूला सरकून दुसरा चर सुरू झालेला असतो. भेग लांबीने वाढत असताना शेजारच्या भेगेच्या ताणाच्या टापूत आली की दोघी एकमेकींना बगल देतात, मधे जमिनीची एक उतरती पट्टी शिल्लक राहते. हे सरकलेले तुकडे चित्रात दिसले की मी पाण्याचा विचार बाजूला ठेवतो.

खचण्याची क्रिया मुलांना समजावायची तर सुताराची पाचर पुरे. ताणलेल्या खडकात भेगा उभ्या सरळ पडत नाहीत, साधारण ६० अंशांनी कलतात. समोरासमोरच्या दोन भेगा आत एकमेकींकडे झुकलेल्या असतात, म्हणून त्यांच्यामधला तुकडा वर रुंद आणि खाली निमुळता, पाचरीसारखा असतो. दोन्ही बाजू दूर सरकल्या की पाचर स्वतःच्या वजनाने खाली घसरते. म्हणूनच चराचा तळ बऱ्याचदा सपाट दिसतो: ती खाली गेलेली जुनी जमीनच आहे, आणि कधीकधी तिच्यावर अर्धं कापलेलं विवरही तसंच बसलेलं दिसतं.

यातून एक सुंदर गणित निघतं आणि नववी-दहावीच्या मुलांना ते सहज जमेल. दोन्ही भेगा ६० अंशांच्या धरल्या, तर त्या आत किती खोलीवर एकमेकींना भेटतात? चराच्या रुंदीला ०.८७ ने गुणा. चर २ किलोमीटर रुंद असेल तर साधारण १.७ किलोमीटर खोलीवर. म्हणजे वरून काढलेल्या एका फोटोवरून मंगळाच्या पोटात पावणेदोन किलोमीटर खाली काय घडलं याचा पहिला अंदाज येतो. दुसरं गणित ताणाचं. चर १०० मीटर खोल असेल तर दोन्ही भेगा मिळून जमीन आडवी सुमारे ११५ मीटर ताणली गेली. अशा पंचवीस-तीस समांतर चरांची बेरीज केली की त्या सगळ्या प्रदेशाने किती ताण सोसला ते कळतं. एक काळजी घ्यायला हवी: चरात धूळ आणि लाव्हा भरलेला असतो, त्यामुळे मोजलेली खोली खऱ्या घसरणीपेक्षा कमी भरते. उत्तराला किमान आकडा म्हणा.

मग एवढा ताण आला कुठून? इथे मंगळाचा नकाशा पूर्ण उघडावा लागतो, कारण एकेक चर पाहून हे कळत नाही. पश्चिम गोलार्धात विषुववृत्तावर थार्सिस नावाचा प्रचंड फुगवटा आहे, साधारण ५००० किलोमीटर पसरलेला. त्याच्यावर आर्सिया, पाव्होनिस आणि अ‍ॅस्क्रेअस हे तीन ज्वालामुखी एका रांगेत उभे आहेत, आणि वायव्येच्या कडेला सुमारे २२ किलोमीटर उंचीचा ऑलिंपस मॉन्स. लाव्हाचे थर एकावर एक साचून हा भार तयार झाला, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते त्यातला मोठा वाटा ३७० कोटी वर्षांपूर्वीच रचला गेला होता. एवढ्या ओझ्याखाली ग्रहाचं कवच वाकलं आणि त्यात सगळीकडे ताण-दाब निर्माण झाले. मेम्नोनिया, सिरेनम, इकारिया, क्लॅरिटास, टेम्पे, टँटलस, सेरॉनियस, ही सगळी चरांच्या समूहांची नावं आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या रेषा मागे वाढवत नेल्या की त्या थार्सिसकडे येऊन मिळतात. उलट लुनी प्लॅनम आणि सोलिस प्लॅनम या पठारांवर दाबाने उठलेल्या सुरकुत्यांचे कणे आहेत, ते थार्सिसभोवती कंसासारखे फिरतात. केंद्रातून बाहेर जाणारे चर आणि केंद्राभोवती फिरणारे कणे, ही जोडी एकाच भाराची सही आहे. मुलांना कोऱ्या नकाशावर पट्टी घेऊन या रेषा मागे ओढायला लावा. थार्सिस त्यांना तुम्ही न सांगता सापडेल.

पृथ्वीवर असं एका जागी इतका काळ का टिकत नाही, हा प्रश्न त्यातून आपोआप येतो. आपली भूपट्टं सरकत राहतात. दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ओतला गेला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. खालचा उष्ण स्रोत मागे राहिला आणि आपण उत्तरेला आलो. मंगळावर अशी सरकणारी भूपट्टं नाहीत. भार जिथे साचला तिथेच अब्जावधी वर्षं बसून राहिला. शिवाय तिथे पाऊस नाही. आपल्याकडे खचलेली दरी गाळाने भरून जाते. चंद्रपूरचा कोळसा असाच प्राणहिता-गोदावरीच्या खचलेल्या पट्ट्यात गाळाखाली गाडला जाऊन टिकला, पण वर उभं राहून पाहणाऱ्याला तिथे चर दिसत नाही. मंगळावर मात्र तीन अब्ज वर्षांपूर्वीच्या कडा आजही ओळखू येतात.

पण ओझं एवढंच कारण पुरत नाही. काही चर इतके अरुंद आणि इतके लांब आहेत की त्यांच्याखाली शिलारस भेगेत घुसला असावा, असं मानायला सबळ आधार आहे. उभ्या भेगेत शिलारस भिंतीसारखा चढतो, थिजतो आणि भित्ती तयार होते. प्रत्यक्ष जमिनीवर फिरून काम करणारे आम्ही तिला डाईकच म्हणतो. धुळे-नंदुरबारकडे अशा भित्ती झिजेनंतर उघड्या पडून खरोखर भिंतीसारख्या मैलोन्‌मैल उभ्या आहेत. आपल्या कर्नाटकातल्या जुन्या ग्रॅनाइटमध्येही डोलेराइटच्या भित्ती भरपूर आहेत. भित्ती वर येताना भूपृष्ठापर्यंत पोहोचली नाही, तरी तिच्या वरची जमीन दोन्हीकडे ढकलली जाते आणि मधला पट्टा खचतो. हे माणसांनी घडताना पाहिलं आहे. इथिओपियात अफारच्या वाळवंटात सप्टेंबर २००५ मध्ये सुमारे ६० किलोमीटर लांबीची भेग शिलारसाने उघडली, काही ठिकाणी ८ मीटरपर्यंत. १० नोव्हेंबर २०२३ रोजी आइसलँडमध्ये ग्रिंडाविक गावाखालून भित्ती गेली आणि गावातच जमिनीचा पट्टा खचला. रस्ते आणि घरं चिरली. ते फोटो मंगळाच्या चित्राशेजारी ठेवून शिकवावं, असं मला मनापासून वाटतं. मंगळावर अशा चरांच्या तळात किंवा त्यांना लागून गोल खड्ड्यांची माळ दिसते. त्या खड्ड्यांना विवरासारखा उचललेला काठ नसतो, कारण वरून काही आदळलेलंच नाही. खाली पोकळी झाली आणि वरचा भुसभुशीत थर आत गळाला.

आता मुलांच्या नद्यांकडे परत येतो, कारण त्यांच्या म्हणण्यात खऱ्याचा मोठा अंश आहे. मंगळावर पाणी वाहिलं आणि प्रचंड वाहिलं. कासेई, आरेस, अथाबास्का या दऱ्या पुराच्या लोंढ्यांशी जोडल्या जातात. १९९७ मध्ये पाथफाइंडर यान आरेसच्याच तोंडाशी उतरलं. नातं मात्र उलटं आहे: काही ठिकाणी पाण्याने चर पाडला नाही, चरातून पाणी बाहेर आलं. याचं सर्वोत्तम उदाहरण मंगला व्हॅलिस. तिचं नाव आपल्या संस्कृतातलंच आहे. ही शेकडो किलोमीटरची पूरदरी सुरू कुठे होते? मेम्नोनियाच्या एका खचलेल्या चराच्या काठावर, एका खिंडीतून. उगमाशीच कित्येक किलोमीटर रुंद! तिच्या मागे ओढ्यांचं जाळं नाही. मलप्रभेसारखी ती थेंब-थेंब गोळा करत मोठी झाली नाही, जन्मतःच मोठी होती.

हे कसं झालं असेल ते भूजलवाल्याला समजायला वेळ लागत नाही. मंगळाचा वरचा थर गोठलेला, बर्फाने सांधे बुजलेले. त्याखाली दाबाखालचं पाणी. आपल्याकडे वर घट्ट थर असलेल्या पाणथराला बोअर लागला की पाणी पंपाशिवाय वर उसळतं, तशीच ती स्थिती. फरक एवढाच की तिथे झाकण फोडलं ते शेकडो किलोमीटर लांबीच्या भेगेने. भेगेतून शिलारसही वर येत असेल तर त्याच्या उष्णतेने बर्फ वितळायलाही मदत झाली असणार. किती पाणी, किती दिवस वाहिलं, यावर मतभेद आहेत. अथाबास्काच्या बाबतीत तर पुराच्या खुणांवर नंतर लाव्हाचा थर पसरलेला आहे, त्यामुळे कुठली खूण पाण्याची आणि कुठली लाव्हाची हे वेगळं करणं फार अवघड जातं.

आज काही हलतं का? हो. आणि हा भाग मुलांना जरूर सांगा. अथाबास्का ज्या चरांमधून निघते ते सर्बेरस फोसी, एलिसियम या मैदानी भागात, उत्तर अक्षांश १० अंशांच्या आसपास. लांबी हजार किलोमीटरहून अधिक, म्हणजे बेळगावातून निघालेली रेष जवळजवळ जयपूरला टेकेल. यांच्या कडा इतक्या धारदार आहेत आणि त्यांच्यावर विवरं इतकी कमी आहेत की त्यांचं वय काही दशलक्ष वर्षांतच मोजलं जातं. मंगळाच्या हिशेबात हे अगदी अलीकडचं. तिथल्या एका भेगेभोवती पसरलेला गडद राखेचा डाग तर सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाचा असावा, असा अंदाज २०२१ मध्ये मांडला गेला.

२६ नोव्हेंबर २०१८ रोजी नासाचं इनसाइट यान एलिसियममध्येच उतरलं आणि त्याने भूकंपमापक थेट मंगळाच्या जमिनीवर ठेवला. डिसेंबर २०२२ मध्ये संपर्क तुटेपर्यंत त्याने १३०० हून अधिक कंप नोंदवले. त्यांतले ज्यांची जागा नक्की सांगता आली असे चांगल्या प्रतीचे अनेक कंप सर्बेरस फोसीच्या दिशेने, यानापासून सुमारे १६०० किलोमीटरवरून आले. सर्वांत मोठा धक्का ४ मे २०२२ चा, तीव्रता ४.७, तो मात्र या चरांमधला नव्हता. कोयनेचा १९६७ चा भूकंप ज्यांनी आपल्या भागात अनुभवला त्यांना ४.७ लहान वाटेल, पण ज्या ग्रहाला आपण थंड आणि निपचित समजत होतो त्याच्यासाठी ही मोठी बातमी होती. सर्बेरसच्या कंपांचा स्वभाव पाहून तिथे खाली खडक अजून उबदार आणि कमकुवत आहे, कदाचित शिलारसही आहे, असं अभ्यासक म्हणतात. मला हे पटतं. चर, राख, लाव्हा आणि कंप एकाच जागी येतात तेव्हा योगायोग म्हणणं कठीण आहे.

व्हॅलिस मरिनेरिसचं नाव मुलं नक्की काढतील, म्हणून दोन शब्द. १९७१ च्या नोव्हेंबरात मरिनर ९ हे यान मंगळाच्या कक्षेत पोहोचलं, धुळीचं वादळ ओसरलं आणि ही दरी दिसली. लांबी ४००० किलोमीटर, खोली काही ठिकाणी ७ किलोमीटर. काश्मीर ते कन्याकुमारी ३२०० किलोमीटर, हे लक्षात घ्या. तिला वर सांगितलेल्या चरांच्या रांगेत सरळ बसवू नका. सुरुवात ताणाने झाली यावर बरंच एकमत आहे, पण नंतर जमीन कोसळणं, कडे ढासळून दूरवर पसरणं, आत थर साचणं अशा अनेक गोष्टींनी ती रुंदावली. आणि १८७७ नंतर दुर्बिणीतून पाहून नकाशांवर काढलेल्या मंगळाच्या ‘कालव्यां’चा या कशाशीही संबंध नाही. त्या रेषा डोळ्यांचा भास होता. १९६५ च्या जुलैत मरिनर ४ ने पाठवलेल्या चित्रांत त्यांचा मागमूस नव्हता.

वर्गात करून पाहायचं असेल तर जेमार्स हे अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचं मोफत सॉफ्टवेअर शाळेच्या संगणकावर घ्या. त्यात लेझरने मोजलेल्या उंचीचा रंगीत नकाशा आहे. चराला आडवी रेष ओढली की त्याचा छेद मिळतो, लांबीने ओढली की तळाचा चढउतार. चित्र पाहण्याआधी ऊन कुठल्या बाजूने आहे ते तपासा. ते न पाहता बसलं तर खड्डा टेकडीसारखा आणि चर बांधासारखा दिसतो, मोठमोठ्यांना दिसतो. उंचीचा आकडा हाच तिथे पंच.

सुरुवात मंगला व्हॅलिसच्या उगमापासून करा, दक्षिण अक्षांश १८ आणि पश्चिम रेखांश १४९ च्या आसपास. मुलांना एवढंच विचारा: विवर, चर आणि पूरदरी, यांत कोणी कोणाला कापलं आहे? ज्याने कापलं ते नंतरचं, जे कापलं गेलं ते आधीचं. क्रम आधी वहीत लिहून घ्या आणि मगच खोली, रुंदी मोजायला लावा. दोन मुलांचे क्रम जुळले नाहीत तर दोघांनाही त्याच चित्रावर परत पाठवा, कारण तिथे काही विवरं चराच्या आधीची आहेत, काही नंतरची, आणि दोन्ही चराला अगदी लागून आहेत.